बारदानीची वाटी

सावद्याच्या बाजारपेठेत प्रकाशचंदांचं भांड्यांचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे घर आणि घराच्या कडेला पत्र्याचं एक गोदाम. ते त्यांनी बारदानाच्या एका व्यापाऱ्याला भाड्याने दिलं होतं. ऐन उन्हाळ्यात तो माणूस गाशा गुंडाळून गेला. किल्ली आठवणीने देऊन गेला, पण उंदरांनी पोती कुरतडू नयेत म्हणून ठेवलेली मांजर आतच विसरला. विसरला हे आपलं म्हणायचं. जिला उंदीर दिसत नाही ती मांजर त्याच्या काय कामाची? कुलूप लावताना तिचं ओरडणं त्याच्या कानावर आलंच नसेल, हे काही पटण्यासारखं नाही.

पुढे काही दिवसांनी प्रकाशचंदांच्या पत्नी गुलाबबाई गोदाम झाडून घ्यायला गेल्या. फाटक्या पोत्यांच्या ढिगाआड काहीतरी हललं. उंदीर असेल म्हणून त्यांनी झाडू आपटला, तर पोत्यांमधून हाडं आणि कातडं एवढंच उरलेली एक मांजर बाहेर आली आणि सरळ भिंतीवर जाऊन धडकली. उठली, पुन्हा धडकली. डोळ्यांच्या जागी पिवळ्या खपल्या होत्या. कोपऱ्यातल्या गळक्या नळाखाली साचलेल्या पाण्यावर ती एवढे दिवस तगली होती, आणि बाकी काय खाल्लं असेल ते तिचं तिलाच ठाऊक.

गुलाबबाईंनी पदर खोचला, तिला एका पोत्यात गुंडाळलं आणि घरात आणलं. कोणाला विचारलं नाही. मुंगीसुद्धा पायाखाली येऊ नये म्हणून खाली बघून पाऊल टाकणारी ही बाई. समोर जीव तडफडत असताना घरच्यांची मतं घेत बसणं त्यांना जमणारं नव्हतं.

"हे काय आणलंस? बारदान?" प्रकाशचंदांनी चष्मा वर करून विचारलं.

"मांजर आहे."

"मला तर बारदानच दिसतंय."

तेच नाव पडलं. बारदानी.

जनावरांचे डॉक्टर दीपक गावातलेच. त्यांच्या लग्नातली सगळी भांडी प्रकाशचंदांच्या दुकानातून गेलेली. त्यांनी कोमट पाण्याने खपल्या काढल्या, औषध घातलं. एक डोळा सुकून आत गेलेला होता, दुसरा पांढराफटक.

"लहानपणी डोळे आले असणार, कोणी बघितलं नाही," डॉक्टर म्हणाले. "आता दिसणार नाही, अक्का. पण जगेल. मांजर नाकाने, कानाने, मिशांनी घर पाठ करते. फक्त घरातलं सामान हलवू नका. आणि हात लावण्याआधी तिच्याशी बोलत जा, म्हणजे दचकणार नाही. खायला म्हणाल तर खरं म्हणजे मासळी, अंडं असं काही..." इथे त्यांनी गुलाबबाईंकडे पाहिलं आणि पुढचं वाक्य गिळलं. "बरं, तुम्हा जैनांकडे ते चालत नाही. दूध-पोळी द्या. बघू."

डॉक्टरांनी भिडेपोटी गिळलं आणि गुलाबबाईंनी सोयीने ऐकलं नाही. पुढचं सगळं त्या एका गिळलेल्या वाक्यातून आलं.

सामान न हलवण्याचं मात्र गुलाबबाईंनी फारच मनावर घेतलं. "या घरातली वस्तू इकडची तिकडे झाली तर माझ्याशी गाठ आहे," असं त्यांनी जाहीर केलं. प्रकाशचंद आपली आरामखुर्ची वारा येईल तशी ओढत फिरायचे, ती एका जागी कायमची बसली. "मी उकडून मेलो तरी चालेल, पण बारदानीची वाट मोडता कामा नये," ते येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचे. सूनबाई चेलनाने सोफ्याची दिशा बदलायची ठरवली होती, तिने तो बेत गुंडाळून ठेवला. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी काथ्याचं पायपुसणं आलं, जिन्याच्या तोंडाशी जाडं पोतं आलं. पंजाला काय लागलं त्यावरून कळावं, आपण कुठे आहोत ते.

पहिले दिवस बारदानी कपाटाखालून बाहेरच आली नाही. भांड्यांच्या दुकानामागचं घर ते! दिवसभर पातेली आदळायची, ताटं खणखणायची, आणि प्रत्येक आवाजाला ती जमिनीशी सपाट व्हायची. गुलाबबाई कपाटाशेजारी माळ घेऊन बसायच्या आणि बोलत राहायच्या. "हे काही नाही, पितळेची कळशी आहे. हा स्टीलचा डबा, झाकण पडलं. हे तुझे आजोबा शिंकले." हळूहळू मांजरीचे कान सपाट व्हायचे थांबले. मग एक दिवस ती बाहेर आली, खुर्चीच्या पायाला मिशा लावून थांबली, वळली, भिंतीच्या कडेने चालत थेट गुलाबबाईंच्या मांडीशी पोचली. गुलाबबाईंच्या डोळ्यांतून टपटप पाणी आलं. माळेचे मणी किती ओढून झाले ते त्या विसरल्याच.

काशाची वाटी मधे आली ती अशी. काशाच्या वाटीने तळपायाला तूप चोळलं की डोळ्यांना थंडावा मिळतो, हे गुलाबबाईंना पाळण्यापासून ठाऊक. घरात सासूबाईंची एक जुनी वाटी होती, प्रकाशचंद रोज त्यातच डाळ घ्यायचे. जेवणं झाली, वाटी घासून झाली की गुलाबबाई बारदानीचे चारही पंजे पुढ्यात घेऊन तूप चोळायला बसायच्या. डोळ्यांना काय फरक पडला ते दिसतच होतं. बारदानी पंजावरचं तूप मात्र मनापासून चाटायची. चोळून झालं की गुलाबबाई वाटीवर चमचा मारायच्या आणि मग दूध वाढायच्या. काशाचा तो आवाज लांबत जातो, लवकर विरत नाही. घरातल्या एवढ्या भांड्यांच्या गोंगाटात बारदानीने तो एक आवाज आपला म्हणून धरला. कुठेही असो, वाटी वाजली की शेपूट वर करून यायची.

घर पाठ झालं, भीती गेली, नाव ओळखू लागली, पण अंग काही भरेना. उलट ज्येष्ठ सरता सरता केस झडायला लागले. पोट सारखं बिघडायचं. चालताना मागचे पाय लटपटायचे. गुलाबबाईंनी दुधात साय वाढवली, तूप वाढवलं, पनीर कुस्करून घातलं. शेवटी पुन्हा डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. "अक्का, ही मांजर उपाशी आहे."

गुलाबबाईंना राग आला. "उपाशी? माझ्या नातीपेक्षा जास्त दूध पिते ती!"

"पोट भरलंय. तरी उपाशी आहे," डॉक्टर म्हणाले. या वेळी त्यांनी वाक्य गिळलं नाही. "मांजरीला दूध पचत नाही, आणि मांसातून जे मिळायला हवं ते दुधातून मिळत नाही. तिचं हृदय थकत चाललंय. मी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगायला हवं होतं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही. असंच चाललं तर दिवाळी बघणार नाही ती."

मांजर छातीशी धरून गुलाबबाई घरी आल्या. ज्या स्वयंपाकघरात कांदा-लसूण कधी आला नाही, जिथे सूर्य मावळल्यावर चूल पेटत नाही, तिथे हे कसं आणायचं? चेलनाने मोबाइलवर मांजरांच्या खाण्याची पाकिटं शोधली. "मम्मीजी, हे तयार मिळतं. आपल्याला काही करावं लागत नाही, फक्त फोडून घालायचं."

"आत काय असतं?"

चेलनाने वाचलं. कोंबडी, मासे.

"पाकिटात घातलं म्हणून काय ते झाडाला लागतं?" गुलाबबाई म्हणाल्या.

प्रकाशचंदांचं म्हणणं सरळ होतं. "तू तिला मरताना वाचवलंस, तुझं काम झालं. तिचं खाणं जिथे आहे तिथे दे तिला. घरात हे येणार नाही." आवाज चढवला नाही त्यांनी. चढवायची गरजच नव्हती, कारण गुलाबबाईंचंही मत तेच होतं. अडचण एवढीच की बारदानी त्यांच्या पायाशी बसली होती आणि घराच्या आवाजांकडे कान फिरवत होती.

घराच्या मागे एक बोळ, दोन माणसं जेमतेम जातील एवढा. बोळाच्या पलीकडे भिकुबाईचं घर. तिचा नवरा वना हतनूरच्या धरणावर मासे धरायचा, भिकुबाई ते बाजारात विकायची. माहेर शिरपूरकडचं, सावद्यात आयुष्य गेलं तरी तिची बोली धुळ्याकडचीच राहिली. दोन्ही घरांची मागची दारं समोरासमोर, पण गुलाबबाईंचं दार कायम बंद. भिकुबाई ओट्यावर मासे साफ करायला बसली की प्रकाशचंद खिडकीसुद्धा लावून घ्यायला सांगायचे. भांडण कधी झालं नव्हतं. भांडायला आधी ओळख लागते.

त्या दुपारी गुलाबबाईंनी मागच्या दाराची कडी काढली. गंजलेली कडी, ओढायला चेलनाची मदत लागली. एका हातात बारदानी, दुसऱ्या हातात सासूबाईंची वाटी.

"अक्का? तुम्ही? मना दारवर?" भिकुबाई हातातलं काम टाकून उठली.

गुलाबबाईंनी सगळं सांगितलं. सांगताना नजर भिंतीकडे ठेवली होती, कारण ओट्यावर परात होती. भिकुबाईने मांजरीच्या फासळ्यांवरून बोट फिरवलं. "हाई तं भुकी शे, अक्का." तिने परातीतला एक लहानसा तुकडा काटे काढून पुढे केला. गुलाबबाईंनी तोंड फिरवलं, पण कान कुठे फिरवणार? बारदानी खाता खाता गुरगुरत होती. असा आवाज तिने त्यांच्या स्वयंपाकघरात एकदाही काढला नव्हता. गुलाबबाईंना लाज वाटली, आणि कशाची ते नीट कळेना.

"रोज देसू मी," भिकुबाई म्हणाली. "मना घरमा मासासना काय तोटा शे? पन राहू द्या तिले तुमना घरमाच. आठे कुत्रा येतस. हिले दिसत नही."

गुलाबबाईंनी वाटी पुढे केली. "ही वाजवली की येते. दुसऱ्या कशाला येत नाही."

भिकुबाईने वाटी हातात घेतली, वजन पाहिलं. काशाची जुनी वाटी काय असते ते तिलाही कळत होतं. "अक्का, हाई वाटी मंग तुमना घरमा चालाव नही."

"माहीत आहे मला," गुलाबबाई म्हणाल्या.

रात्रीचं जेवण त्या घरात दिवस असतानाच होतं. स्टीलच्या वाटीत डाळ आली तेव्हा प्रकाशचंदांनी ताटाकडे पाहिलं. "आईची वाटी कुठाय?"

"बोळापलीकडे."

त्यांनी डाळ अर्धी ठेवली. नंतर मात्र महिनाभर रोज, "डाळीला चव नाही," असं छताला उद्देशून म्हणत राहिले.

बारदानीला बोळ ओलांडायला शिकवणं हे एक कामच होऊन बसलं. गुलाबबाईंनी गोदामातली जुनी पोती उसवली, त्यांची पट्टी शिवली आणि आपल्या दारापासून भिकुबाईच्या ओट्यापर्यंत अंथरली. ज्या बारदानात ती मरायला टाकलेली होती, त्याच्यावरूनच आता जेवायला जायचं. पलीकडून भिकुबाई वाटी वाजवायची, अलीकडून गुलाबबाई तिच्याबरोबर वाकून चालायच्या. पट्टी सोडली की पंजा ओल्या फरशीवर पडायचा, ती थांबायची, मिशा हलवायची, परत पट्टीवर यायची. श्रावण लागेपर्यंत ती एकटी जायला लागली. खाऊन, तोंड पुसून, पट्टीवरून परत येऊन आरामखुर्चीखाली झोपायची. केस उगवले. राखाडी आणि काळ्या पट्ट्यांची चांगली देखणी मांजर निघाली ती. मागचं दार आता दिवसभर उघडं असायचं, आणि काम करता करता दोघी बायका बोळावरून बोलायच्या. भिकुबाईच्या धुळ्याला दिलेल्या मुलीबद्दल, कामिनीबद्दल, तिच्या पहिल्या बाळंतपणाबद्दल.

आणि नेमकं पर्युषण आलं तेव्हा कामिनीचे दिवस भरले.

गुलाबबाईंची दरवर्षीची अठाई असते. आठ दिवस अन्नाचा कण नाही, फक्त उकळलेलं पाणी, तेही दिवसाउजेडी. सकाळीच त्या जैन स्थानकात जाऊन पच्चक्खाण, म्हणजे उपासाचा नेम, घेऊन आल्या होत्या. दारात भिकुबाई पिशवी घेऊन उभी.

"कामिनीना फोन उना. माले धुयाले जानं पडी, अक्का. धनी धरणवर, त्यासना काय नेम? सुकी मासळी डबामा ठेयेल शे, खुंटीले टांगेल शे. रोज मूठभर वाटीमा टाकनी, बस." एवढं बोलली आणि आपण कोणाला सांगतोय हे तिच्या ध्यानात आलं. "नही नही, मी कोनले तरी सांगसू..."

"जा तू. लेकीकडे बघ," गुलाबबाई म्हणाल्या. "मी बघते इकडचं."

काय बघणार होत्या ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. व्याख्यान संपल्यावर त्या महासतीजींसमोर हात जोडून उभ्या राहिल्या. चातुर्मासासाठी गावात आलेल्या त्या साध्वी वयाने गुलाबबाईंपेक्षा बऱ्याच लहान होत्या. गुलाबबाईंनी अडखळत सगळं सांगितलं आणि विचारलं, काय करू?

"बाई, याला मी हो म्हणू शकत नाही," महासतीजी म्हणाल्या. "आमच्या तोंडून ते निघणार नाही." मग उठता उठता म्हणाल्या, "पण त्या जिवाला घरात आणलंत, तेव्हा मला विचारायला आला नव्हतात."

गुलाबबाई घरी आल्या आणि त्यांनी दूध-पोळी कालवली. आठ दिवसांचा तर प्रश्न. बारदानीने वाटीभर दूध हुंगलं आणि पट्टीवरून चालत भिकुबाईच्या ओट्यावर गेली. रिकाम्या वाटीशी बसली. बराच वेळ बसली. परत आली, पुन्हा गेली. दुसऱ्या दिवशी तिने थोडं दूध प्यायलं आणि ते सगळं उलटून पडलं. तिसऱ्या दिवशी ती परत आलीच नाही, वाटीशेजारीच मुटकुळं करून पडून राहिली. चेलना म्हणाली, "मम्मीजी, मी टाकते ना. माझा कुठे उपास आहे?"

"तुझ्या हातून नको," गुलाबबाई म्हणाल्या. "मी आणलंय तिला."

त्या मागच्या दाराशी बसून बोळाकडे बघत राहिल्या. तिसऱ्या दिवशीची भूक सगळ्यांत वाईट, हे अठाई करणाऱ्याला विचारा. पोट आतून ओढतं, डोकं हलकं होतं, कुठे पोळी भाजली तर त्या वासाने रडू येतं. पण ती भूक गुलाबबाईंनी हात जोडून मागून घेतली होती. सोडायची म्हटलं तर या क्षणी सोडता येणार होती. बारदानीने काय मागितलं होतं? तिला तर कोणी विचारलंही नव्हतं. पुण्य आपलं आणि उपास तिचा. हे मनात आलं आणि गुलाबबाईंना आपल्याच घरातल्या त्या दोन महिन्यांच्या दुधाची, सायीची, तुपाची शिसारी आली. केवढ्या प्रेमाने आपण तिला उपाशी ठेवलं!

दुपार होती. बोळात कोणी नव्हतं. त्या भिंतीला धरून उठल्या, पट्टीवरून चालत गेल्या, खुंटीवरचा डबा काढला. झाकण उघडताच वास अंगावर आला. चमचा नव्हता. डोळे मिटून त्यांनी बोटं आत घातली, काय लागतंय याचा विचार न करता वाटीत टाकलं आणि वाटीवर अंगठी वाजवली. बारदानीचे कान उठले.

त्यानंतर त्यांनी तीनदा हात धुतले, अंघोळ केली, सामायिकाला, रोजच्या ध्यानाला, बसल्या आणि जप सोडून पुन्हा पुन्हा बोटं हुंगत राहिल्या. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा गेल्या. रोज गेल्या. दुपारी सगळे आडवे झाले की जायचं. लपवायचं असं ठरवलं नव्हतं, पण सांगितलंही नाही.

संवत्सरी झाली, एकमेकांना 'मिच्छामि दुक्कडम' म्हणत वर्षभराच्या चुकांची क्षमा मागून झाली. दुसऱ्या सकाळी पारणं. अठाईचं पारणं म्हणजे घरात मोठं कार्य. भुसावळ, जळगाव, रावेरहून नातलग आलेले, बायका स्तवनं म्हणतायत, तपस्वीबाईंना नवी साडी. एवढी माणसं बसवायची म्हणून मुलाने, अखिलने, पहाटेच सोफा बाहेर काढला, आरामखुर्ची माळ्यावर टाकली, पायपुसणी गुंडाळली, बोळातली पट्टीसुद्धा मळकी दिसते म्हणून उचलली. गुलाबबाई आत तयार होत होत्या, त्यांना काही कळलं नाही.

त्या पाटावर बसल्या. प्रकाशचंद चांदीच्या वाटीत मुगाचं कोमट पाणी घेऊन समोर आले. पहिला घोट त्यांच्या हातून. आणि तेवढ्यात गाण्याच्या मधूनच ते ओरडणं ऐकू आलं.

बारदानी खोलीच्या मधोमध उभी होती. मिशांना खुर्चीचा पाय लागत नव्हता, पंजाला काथ्या लागत नव्हता. सगळीकडे परके पाय. ती पळाली आणि भिंतीवर धडकली. उठली, पुन्हा धडकली. कोणीतरी "हाड" म्हणालं. बायकांनी साड्या आवरून घेतल्या.

गुलाबबाईंनी प्रकाशचंदांचा हात बाजूला केला आणि त्या उठल्या. "अहो काय झालं? बसा, चक्कर येईल!" चार जणी धावल्या. त्यांनी कोणाकडे पाहिलं नाही. नव्या साडीचा पदर खोचून त्या मागच्या दारातून बोळात उतरल्या, ओट्यावर पोचल्या, खुंटीवरचा डबा काढला. घरातले सगळे दाराशी गोळा झाले होते, ते त्यांना दिसत होतं. वासही पोचला असणार. त्यांनी डब्यात हात घातला, मूठभर सुकी मासळी वाटीत टाकली आणि अंगठीने वाटी वाजवली. गाणं थांबलेलं होतं, त्यामुळे काशाचा तो लांबत जाणारा आवाज आतल्या शेवटच्या खोलीपर्यंत गेला.

बारदानीची धडपड थांबली. तिने कान वळवले. पट्टी नव्हती, काहीच नव्हतं. गुलाबबाई वाटी वाजवत राहिल्या. माणसांच्या पायांमधून, उंबऱ्यावरून, ओल्या फरशीवरून, एकेक पंजा चाचपत ती आली. वाटीला नाक लागलं आणि गुरगुरत खायला लागली.

गुलाबबाई तिथेच ओट्यावर बसल्या. "मिच्छामि दुक्कडम," त्या मांजरीला म्हणाल्या. "दोन महिने उपाशी ठेवलं मी तुला." मग वाटीतल्या मासळीकडे बघून, "आणि तुम्हालाही मिच्छामि दुक्कडम," असं हलकेच म्हणाल्या. त्यांना रडू आवरेना. दाराशी कोणीतरी कुजबुजलं, पारणं मोडलं की काय म्हणून.

प्रकाशचंद बोळ ओलांडून आले. इतक्या वर्षांत या ओट्याला त्यांचा पाय लागला नव्हता. हातात ती चांदीची वाटी तशीच. गुलाबबाई गडबडीने उठायला लागल्या. "हात धुऊन येते."

बारदानीचं खाऊन झालं होतं आणि ती आता गुलाबबाईंची बोटं चाटत होती, एकेक करून, अगदी निवांत.

"खाऊ दे तिला," प्रकाशचंद म्हणाले. ते अवघडत खाली बसले, चमचा भरला आणि बायकोच्या तोंडासमोर धरला. "तुझा हात राहू दे तिच्याकडे. मी भरवतो."